उडदाची पाळ

आमचं मूळ पिंपळनेरकडचं, लग्न होऊन धुळ्याला आले, नवरा हमाली करायचा, तो गेल्यावर एका वैद्यबुवांकडे बायांना तेल लावायला राहिले आणि तेच करत म्हातारी झाले. वैद्यबुवा पडद्याबाहेरून सांगणार, हात माझा. कंबर धरलेली बाई आली की तिला पालथं निजवायचं, उडदाचं पीठ घट्ट मळून कंबरेवर गोल पाळ घालायची, कडा ओल्या बोटानं दाबायच्या आणि आत गरम तेल सोडायचं. आमच्याकडं उडीद कळण्याच्या भाकरीत घालतात, ते असं कंबरेवर थापायचं म्हणजे पहिल्यांदा मला पापच वाटलं, पण सवय होते ना बठ्ठ्याची, सगळ्याचीच.

तर काय सांगू ताई तुम्हाला, एकदा चोपड्याकडची केळीवाली मंडळी आली, सासू आणि सून. सुनेची कंबर दुखते म्हणून आणलेलं. सासू पाय धुवायला मोरीकडं गेली तशी सुनेनं माझा हातच धरला, अक्का, मन्हा पोटमा शे, सासूले सांगू नका. म्हटलं का गं, ही तर आनंदाची गोष्ट. तर रडायलाच लागली. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा सासूनं गल्लीभर सांगितलं आणि दोन्ही वेळा पोट पडलं, आता तिसरा महिना उलटल्याबिगर कोणाजवळ बोलायचं नाही असं तिनं देवापुढं ठरवलेलं. मी बरं म्हणून बसले. पण पोटुशीच्या कंबरेवर गरम तेल घालायचं नाही, हे मला माहीत, आणि सासू तर येऊन उशाशीच बसली.

मग मी तेल निवू दिलं आणि पाळेची एक कड दाबलीच नाही. तेल ओतलं तसं बठ्ठं लुगड्यावर, चादरीवर. सासू कडाडली, हिला साधं पीठ धरता येत नाही, चल ऊठ, आणि सुनेला घेऊन चालती झाली. वैद्यबुवा मला वाट्टेल ते बोलले. ऐकून घेतलं, शब्द दिला होता ना.

पुढं तिला पोरगी झाली, गोरीपान, गुटगुटीत. बाळंतकाढा न्यायला तिघी आल्या, सासूनं पेढे बी दिले. सून म्हणाली, पोरीला आज अक्कांकडून तेल लावून घेऊ. सासूनं पोर पटकन आपल्याकडं ओढली, हिचा हात नको माझ्या नातीला. खरं सांगावं तर सासूपासून पोट लपवलेलं उघडं पडलं असतं, सुनेनं काढ्याची बाटली पिशवीत टाकली. मला भारी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या जणींची लेकरं चोळली मी, तीच एक राहिली.

आता शाळेत जात असेल. कोणाच्या का हातानं होईना, धडधाकट मोठी होवो बाई.