नवव्या वर्षाचा फॉर्म

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं, पायाशी त्यांची म्हातारी कुत्री. कुत्र्यांना कॅन्सर कशामुळे होतो, याच्या अभ्यासाचा दरवर्षीचा फॉर्म नर्स भरून घेत होती.

“हिच्याजवळ कोणी सिगारेट ओढतं?”

“छे! यांनी तर कधीच सोडली.”

“‘हो’ लिहा, सिस्टर.”

“अहो!”

“रोज दोन. हिला फिरायला नेतो तेव्हा.”

“काका, आठ वर्षं तुम्ही ‘नाही’ सांगितलंत.”

“तेही खोडा. हिला गाठ निघालीच, पण बाकीच्या कुत्र्यांना माझं खोटं कशाला भोवायला हवं?”

“आणि माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीत, ती?”

काका वाकून कुत्रीचा पट्टा सारखा करू लागले. नर्सचं पेन थांबलं.

“सिस्टर, थांबू नका. आज खरं बोलतायत, तोवर उरलेले सगळे प्रश्न विचारून घ्या.”