विहीणबाईंचे दात

मुलगी : बाबा, तुम्ही माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या दातांना ‘वर्थलेस’ म्हणालात.

बाबा : म्हणालो. त्या इंग्रजीतच बोलत होत्या, म्हणून मीही इंग्रजीत. अगदी मनापासून म्हणालो.

आई : छानच काहीतरी असणार. मला इंग्रजी कळत नाही, पण बाई ऐकून थक्क झाल्या होत्या. चमचा हातातच राहिला त्यांचा.

मुलगी : आई, वर्थलेस म्हणजे कवडीमोल. टाकाऊ.

आई : अहो?

बाबा : थांबा, घाई नको. प्राइसलेस म्हणजे काय ते सांग आधी.

मुलगी : अनमोल.

बाबा : म्हणजे किंमत नाही, तरीही स्तुती. बरोबर? आता किमतीपेक्षा वर्थ मोठी. मग वर्थलेस म्हणजे अनमोलच्याही वर एक मजला.

मुलगी : तसं नसतं बाबा.

बाबा : मग तसं असायला हवं होतं. चूक माझी नाही, भाषेची आहे.

मुलगी : ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणायचं. तो चांगला शब्द आहे.

बाबा : तो मी मुद्दाम टाळला. पुढे ‘इन’ लागलं की अर्थ उलटा होतो. इनकम्प्लीट, इनकरेक्ट. म्हटलं, विहीणबाईंचा उगाच अपमान नको.

आई : पण मी म्हणते, पाहुण्या बाईच्या दातांबद्दल बोलायचंच कशाला? साडी होती, केस होते.

बाबा : माणसानं आपल्याला कळतं त्याचीच स्तुती करावी. मी आयुष्यभर कवळ्या केल्या. समोर कोणी बसलं की मला आधी दात दिसतात, मग माणूस.

आई : आमच्या लग्नात पण हेच. हार घालायच्या आधी माझी दाढ बघत होते.

मुलगी : आणि त्याआधी त्यांना नेट वर्थ विचारलीत, ते काय होतं?

बाबा : ती तर चौकशी होती. नेट म्हणजे निव्वळ. बिस्किटाच्या पुड्यावर असतं बघ, नेट वेट. वरचा कागद सोडून आत बिस्किट किती. तसं मी विचारलं, हुद्दा, दागिने, सगळं सोडून माणूस म्हणून तुम्ही किती.

मुलगी : नेट वर्थ म्हणजे एकूण मालमत्ता. तुम्ही जेवता जेवता त्यांना इस्टेट विचारलीत.

आई : तरीच ठसका लागला. मला वाटलं, तिखट झालं. मी साखर दिली.

मुलगी : त्या इतकी वर्षं न्यायाधीश होत्या. त्यांच्याशी असं कोणी बोललं नसेल. आणि त्यांचा मुलगा त्यांना विचारल्याशिवाय मोजासुद्धा विकत घेत नाही. त्या आज फक्त घर बघायला आल्या होत्या, बाबा. हो की नाही ते ठरवायला.

बाबा : तो पोरगा मात्र गुणी आहे. मी त्याच्याबद्दल बोललो तेव्हा मान खाली घालून बसला होता.

मुलगी : तुम्ही म्हणालात, ‘आय टाइटली बिलीव्ह युअर सन.’

बाबा : घट्ट विश्वास आहे म्हणून.

मुलगी : फर्मली. फर्मली बिलीव्ह. टाइटली झाकण लावतात.

बाबा : मोबाइलवर इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, इंग्रजीत शब्द जोडीनं चालतात. नवरा एक, बायको दुसरीच असं चालत नाही. माझ्या जोड्या जरा इकडच्या तिकडे झाल्या, एवढंच.

आई : एवढंच म्हणे. पोरीची जोडी जुळायच्या आधीच मोडली तुमच्या जोड्यांनी.

मुलगी : शू. त्यांचाच फोन आहे. दोघंही गप्प बसा... येस. येस, मॅम... माय फादर?... टुमॉरो?... शुअर.

आई : काय म्हणाल्या?

मुलगी : उद्या बाबांच्या दुकानात येतायत. एकट्या. मला येऊ नकोस म्हणाल्या.

आई : झालं. आता तुम्हीच निस्तरा. मी तर घरून सरबतसुद्धा पाठवणार नाही.

बाबा : मी माफी मागतो. सॉरीला जोडी लागत नाही ना?

मुलगी : नाही.

बाबा : मग जमेल.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्याच टेबलापाशी.)

आई : चपला काढायच्या आधी सांगा. हो की नाही?

बाबा : पाणी तरी दे.

मुलगी : बाबा, मी दिवसभर काही खाल्लेलं नाही.

बाबा : आल्या. खुर्चीवर बसल्या. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी तोंडात हात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘वर्थलेस.’

मुलगी : कवळी होती?

बाबा : ते मला काल पहिल्या घासालाच कळलं होतं. खालची सैल. बोलताना वाजत होती, दाराची कडी वाजावी तशी. हिरड्या बघितल्या मी आज. सोलवटून निघाल्यात.

आई : अगं बाई. म्हणजे काल ताटात उरलं ते माझ्या हातचं आवडलं नाही म्हणून नव्हे. चावताच येत नव्हतं बिचारीला.

मुलगी : थांबा. म्हणजे वाईट आहेत हे तुम्हाला माहीत होतं, तरी स्तुती करायला निघालात?

बाबा : विहीणबाई आहेत, गोड बोलावं म्हटलं. खोटं बोलायला गेलो आणि तोंडून खरं पडलं.

मुलगी : आणि त्यांनी?

बाबा : त्या म्हणे कोर्टात होत्या तेव्हापासून कोणी त्यांच्या कशालाही वाईट म्हटलेलं नाही. डॉक्टर म्हणतो उत्तम बसलीय, मुलगा म्हणतो छान दिसते. मी पहिला माणूस. ‘आय बिलीव्ह यू,’ म्हणाल्या. टाइटली नाही, फर्मली नाही, नुसतंच.

आई : आणि तुम्ही गप्प बसलात. बरं केलंत. झाकली मूठ.

बाबा : बसणार होतो. पण मग माप घ्यायला तोंडात ट्रे घातला, त्यात ती गुलाबी पेस्ट. चांगली घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. म्हटलं, कबूल करायला याहून चांगली वेळ नाही. सगळं सांगितलं. प्राइसलेस, वर्थलेस, वरचा मजला, बिस्किटाचा पुडा, सगळं. जसं येतं तसं.

मुलगी : बाबा.

बाबा : आधी डोळे मोठे झाले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं गुदमरल्या. पाहतो तर हसतायत. इतक्या हसल्या की माप पार बिघडलं. दुसरं घ्यावं लागलं.

आई : आणि लग्न?

बाबा : ते विचारायचं राहिलं.

मुलगी : काय?

बाबा : अगं, दुसऱ्या मापाच्या वेळी मी तोंडच उघडलं नाही. परत हसल्या असत्या तर तिसरं घ्यावं लागलं असतं. निघताना मात्र त्यांनी विचारलं, नवी कवळी लग्नाच्या आधी होईल का.

आई : कुणाच्या लग्नाच्या?

बाबा : मीही तेच विचारलं. तर हिचं नाव घेऊन म्हणाल्या, तिला विचारा तारीख.

मुलगी : हे तुम्ही आत्ता सांगताय?

आई : रडतेस कशाला वेडे, खाऊन घे आधी. अहो, पण त्या घरी कशा गेल्या? तशाच?

बाबा : जुनी घालू नका म्हटलं, हिरड्यांना दोन दिवस आराम द्या. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. रस्त्यात ही गर्दी. बेकरीवाल्यानं ओळखून नमस्कार केला त्यांना.

आई : मग? रुमाल धरला असेल तोंडाला.

बाबा : नाही. हसल्या त्याच्याकडे बघून. पूर्ण तोंड उघडून.