फोटोतल्या आठ बायका

आमच्या हौसाआजींचं तुम्हाला सांगितलं का? पारनेरजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच-सहा जण इतिहास मंडळ चालवतो. जुने फोटो गोळा करून शाळेत प्रदर्शन मांडतो. यंदा बहात्तरच्या दुष्काळातला, पाझर तलावाच्या कामावरचा एक फोटो होता. आजी त्याच्यापुढून हलेचनात.

"खाली काय लिव्हलंय, वाच की."

मी वाचलं. मामलेदार, ओव्हरसियर, सरपंच यांची नावं आणि शेवटी 'मजूर महिला'.

"आमाला नावं न्हाईत व्हय?"

मी पेन काढलं. आजी चेहऱ्यांवर बोट ठेवत गेल्या. ही गंगू, ही पारू, ही मी. आठवीपाशी बोट थांबलं.

"ही पाथर्डीकडची. मला रोज अर्धी भाकर द्यायची. अन् नावच इसरले बघ."

त्यांचे डोळे भरून आले. "राहू द्या आजी," मी म्हणालो, तर रागानं बघितलं माझ्याकडं.

प्रदर्शन संपलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

"सापडलं! ठकूबाई. लिही."

"मंडळात गेलो की लिहितो."

"आत्ता जा. तू लिहिस्तोवर मी फोन ठिवत न्हाई."

फोन कानाला लावूनच मी मंडळाच्या खोलीवर गेलो, कपाट उघडलं, फोटोखाली नाव लिहिलं.

"लिहिलं आजी."

"आता समदी वाच."

मी आठही नावं सावकाश वाचली. आजी म्हणाल्या, "झाली हजेरी," आणि फोन ठेवला.