शहाणीच्या पुठ्ठ्यावरची गाठ

— नाही हो डॉक्टर, तिथे नाही, जरा खाली, शेपटीच्या अलीकडे — हां, तीच. लागली ना हाताला? आधी हरभऱ्याएवढी होती, पाच आठवड्यांत सुपारीएवढी झाली. तुम्ही तिसऱ्या डॉक्टर, म्हणून आधीच सांगते, ‘थोडी वाट बघू’ एवढं मला सांगू नका. पहिल्या डॉक्टरांनी फोनवरच निदान केलं — माशी चावली असेल, मलम लावा. घोडीचं तोंडही न बघता! दुसरे आले, दोन बोटांनी दाबलं आणि म्हणाले, चरबीची गाठ आहे, राहू द्या. अहो, चरबीची गाठ अशी दुखते का? नुसता हात नेला तरी ही लाथ झाडते. चौदा वर्षांची घोडी, किती पोरं हिच्या पाठीवर बसायला शिकली, एकालाही कधी पाडलं नाही — नाव काय उगाच शहाणी ठेवलंय? भित्रं पोर आलं की मी डोळे मिटून हिच्यावरच बसवायची. आणि आता मागून कुणी आलं की कान पाडते, थरथरते. खोगीर शिवणारा म्हणतो, तंग घट्ट होत असेल. अरे बाबा, तंग पोटाला बांधतात, पुठ्ठ्याला नाही! बहीण फोनवर रडतेय, कॅन्सरच आहे म्हणून, कुठेतरी वाचलं तिनं. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते मात्र एकालाही सांगता येईना.

— कोण धरणार म्हणजे? मीच धरते तोंड, द्या तुम्ही इंजेक्शन. शहाणे, इकडे बघ, माझ्याकडे बघ — हं, झालं, झालं. मोतद्दार होता, आता नाहीये. गेला सोडून. एकोणीस वर्षं होता. ही शिंगरू असताना त्यानंच बाटलीनं दूध पाजलं हिला... नाही, तसं सोडून नाही गेला. मी म्हटलं, जा. आता भूल चढेपर्यंत उभंच राहायचंय म्हणून सांगते, नाहीतर तुम्हाला काय करायचंय त्याचं.

गाठ त्यालाच सापडली. सकाळी खरारा करत होता, मला हाक मारली, म्हणाला, ताई, इथे बोट ठेवा, काल टाचणीएवढं रक्त होतं, आज आत काहीतरी टणक लागतंय. आणि मी काय म्हणावं? म्हटलं, तूच मारलंयस हिला. कारण आदल्या दिवशी दुपारी ही अचानक उधळली होती, दावं तोडलं, त्याच्या पायावर पाय दिला, अंगठ्याचं नख उपटलं त्याचं. रागाच्या भरात काठी घातली असेल, असं मला... मला वाटलं. तो म्हणाला, ताई, मी? हिला? बस्स, एवढंच. मी आवाज चढवला. घोडेस्वारीची मुलं आलेली होती, त्यांच्या आया कठड्याशी उभ्या होत्या, सगळ्यांसमोर म्हटलं, मुक्या जनावरावर हात उचलणारा माणूस मला तबेल्यात नको. त्यानं खरारा खुंटीला लावला आणि लंगडत गेला. पायाला पट्टी होती ना. बरं, ते जाऊ द्या. कापा तुम्ही.

— फार आहे का आत? मला बघवतं, तुम्ही माझी काळजी करू नका. पू आहे? निघू दे, निघू दे सगळा. चिमट्याला काय लागलं? आवाज आला. हाड तर नाही तिथे. थांबा, धुवा ते — माझ्या हातावर द्या.

हा तर छर्रा आहे.

एअरगनचा. चपटा झालाय, पण छर्राच आहे.

— रस्त्यावरची उनाड कार्टी असतील! हल्ली काय, कुणाच्याही हातात काहीही असतं. मी सांगतेय ना, भिंत — हो, भिंत उंच आहे, कबूल. वरून? तिरपा, वरून खाली गेलाय म्हणता? तुम्ही डॉक्टर आहात की पोलीस? वर आमची गॅलरीच आहे फक्त. तिथे आमचे अप्पा बसतात. वडील माझे. हा सगळा तबेला त्यांनीच उभा केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दिवसभर करमत नाही, गव्हाणीतलं धान्य कबुतरं खातात म्हणून... उडवायला नुसती. मारायला नाही. मी हजारदा सांगितलं, अप्पा, खाली जनावरं असतात. म्हणतात, माझा नेम तुझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. एका डोळ्यानं तर दिसतच नाही त्यांना!

त्या दुपारी आवाज आला होता. फट् असा. मी हिशोब... मी काही लक्ष नाही दिलं, रोजचाच आवाज तो. आणि लगेच ही उधळली. लगेच.

मला वाटलं म्हटलं ना मघाशी, काठी घातली असेल म्हणून? ते माझं मला नव्हतं वाटलं. अप्पांनी सांगितलं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, तुझ्या मोतद्दाराला जरा आवर, मी वरून पाहिलं, काठीनं बडवत होता घोडीला. भाजी वाढून घेत म्हणाले, डॉक्टर. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला हाकलत होते तेव्हा वर खुर्चीतच होते की. सगळं ऐकू येत होतं त्यांना. एक शब्द नाही.

— हं, टाके घाला. ती बरी होईल ना? दहा दिवसांत? ठीक. आणि कागदावर नुसतं ‘गाठ काढली’ एवढंच लिहा, काय? म्हातारं माणूस आहे, चार लोकांत कशाला... असं बघू नका माझ्याकडे. तुमच्याही घरी असतीलच वडील.

नको. थांबा. छर्रा लिहा. स्पष्ट लिहा, कुठे सापडला तेही लिहा. मोतद्दार कुठे राहतो ते ठाऊक आहे मला. येईल की दार लावून घेईल ते तो बघेल, पण मी जाणार, आणि त्या आयांनाही फोन करणार, ज्यांच्यासमोर बोलले त्या एकूण एकीला.

— झालं, अप्पांना जाग आली. काय अप्पा? हो, डॉक्टरच आल्यात. काय निघालं? खाली या, दाखवते. नाही, चहा नंतर. आधी खाली या. जिना दिसत नाही तर कठडा धरून या, आज हात द्यायला मी वर येणार नाही. या म्हटलं ना!

डॉक्टर, तुम्ही निघा आता.