राष्ट्रगीत चालू असताना

हॅलो? … हां अक्का! … काय? टीव्हीवर? … नाही गं, आम्ही कुठले दिसणार… अगं ऐक ना! अप्पा हरवलेत.

हो, इथंच. स्टेडियममध्ये… शेजारीच बसले होते गं. मी पाणी आणायला गेले, आले तर खुर्ची रिकामी… नाही, त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये… हो, कळतंय मला, एकटं सोडायचं नव्हतं! नंतर ओरड. आईला सांगू नकोस आत्ता.

काय घातलंय? … निळा टी-शर्ट, टीमचा. अक्का, इथं सगळेच निळे आहेत गं…

सांगितलं ना पोलिसाला! ‘स्वल्प इरी, मॅडम’ म्हणतो कानडीत. थांबा जरा, राष्ट्रगीत होऊ दे, मग माइकवरून नाव पुकारू… अगं, पुकारून काय उपयोग? आज सकाळी दाढी करताना मलाच विचारलं, भीमसेन कोण म्हणून… हो. स्वतःचंच नाव… तुला सांगणार होते.

मग आणलं कशाला म्हणजे? … स्वतःहून म्हणाले गं, मॅच बघायचीय. किती दिवसांनी काहीतरी मागितलं त्यांनी…

थांब. उठले सगळे… सुरू झालं… नाही, ठेवू नकोस! हळू बोलतेय… पायऱ्या उतरतेय. लोक डोळे वटारतायत… सॉरी हो, माझे वडील हरवलेत… बरं, बरं, राहते उभी.

अक्का, हलू देत नाहीत गं. सगळं स्टेडियम गातंय… नाही, रडत नाहीये… काय? … हो. हो, खरंच की. आत्ता कुणीच हलत नाहीये. बघते… हे नाहीत… हेही नाहीत… पांढरे केस… नाही, दुसरंच कुणी… किती माणसं आहेत गं, अक्का…

संपलं. आता परत सगळे हलायला लागले… काय करू मी? बाहेर पडले असले तर? बाहेर केवढं ट्रॅफिक…

अक्का. गप्प, जरा गप्प… बसले सगळे. खाली कठड्याजवळ कुणीतरी अजून उभंय. एकटंच. हात ताठ, मान वर… मागचे ओरडतायत, बसा म्हणून… तेच आहेत! अगं, तेच! संपलंय हे कळलंच नाहीये त्यांना…

सरका हो, जाऊ द्या जरा… अहो, ओढू नका त्यांना! … अप्पा! अप्पा, मी सुप्रीता… हो, झालं राष्ट्रगीत. बसूया ना? …

हां अक्का, आहे… नाही. नाही ओळखलं.

मुलगी हरवलीय म्हणतायत. केव्हापासून शोधतोय म्हणे… मलाच विचारतायत, तुम्ही पाहिलीत का…

हो अप्पा. शोधूया. माझा हात धरा… घट्ट…

ठेवते गं.