चिताऱ्यासाठी मिठी

हार्लेम गावाच्या होडीची वाट बघणाऱ्या आल्टिएनं नीट ऐकू यावं म्हणून टोपी कानावरून मागे सारली. रांगेतल्या पुढच्या दोघी गप्पांच्या रंगात आल्या होत्या.

“अगं, बायबलातला उधळ्या मुलगा घरी परततो, त्या चित्रासाठी माझा नवरा उभा राहिला!”

“शोभतोय की!”

“गप गं! चित्रात मुलाच्या एका पायात जोडा नाही, म्हणजे सगळं उधळून बसलाय. बापाचे डोळे मिटलेले, म्हणजे तो चुका बघतच नाही.”

“बाप कोण झालं?”

“माझे सासरे! बापलेकांत सहा वर्षांचा अबोला, चिताऱ्याला काय ठाऊक? म्हणाला, मिठी मारा.”

“अगं बाई! मारली?”

“मारली, लाकडासारखी. चित्र झालं, त्यानं कुंचले धुतले, तरी सासरे सोडेचनात!”

“आणि तुझा नवरा?”

“हुंदके देतोय! तेवढ्यात चितारी ओरडला, ‘तस्सेच थांबा, मघाचं सगळं खरडून टाकतो!’”