आबांची हिरवी ओळ

आया-बहिणींनो, आबा-आप्पांनो, आणि सकाळच्या होडीनं पलीकडून आलेल्या पाहुण्यांनो,

मला बोलायला उभं केलंत. सांभाळून घ्या. मी दत्ता. राहू गावच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर टायपिंग करतो. दौंडचं कॉलेज मधेच सोडलं. का सोडलं ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, उरलेल्यांना घरी जाताना कळेल.

आज सोपानआबांचा दहावा. मघाशी ह्याच घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आबांचं काही राहिलं नाही म्हणाले. मंडळी, मला ते पटलं नाही. कारण राहिलंय. एक राहिलंय.

आपल्या बंधाऱ्याची नियमावली. नदीच्या अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर तालुका, मधे पाणी एकच. पाणी अडवायचे ढापे कधी टाकायचे, मोटारी कुणी कधी चालवायच्या, ह्यावरून दर उन्हाळ्यात आपण एकमेकांच्या पायपा फोडल्या. आबा मधे पडले. का आबाच? कारण त्यांच्या वाडवडलांची मेंढरं दोन्ही काठांवर चरली. त्यांना दोन्हीकडं कुणी परकं म्हणत नव्हतं. ते म्हणाले, एकच कागद करा, दोघांनी मिळून करा.

मिळून म्हणजे कसा? अलीकडं मी टाईप करणार. पलीकडं पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर मंगल, तिकडच्या पुढाऱ्यांची, रामभाऊआप्पांची पुतणी. फाईल एका फ्लॉपीवर. मी काही बदललं की ते लाल दिसणार, तिनं बदललं की निळं. खोडलेलंसुद्धा जात नाही, रेघ मारून तिथंच राहतं. कुणी काय घातलं, कुणी काय खोडलं, सगळं उघडं. वर्डमध्ये तशी सोय आहे. मी आबांना ती दाखवली तेव्हा ते खुर्ची ओढून जवळ आले.

"म्हंजी खोडलं तरी लपत न्हाई?"

"न्हाई आबा."

"मग ही मशीन आपल्या गावाला लई आधी पायजे व्हती."

फ्लॉपी आबा स्वतः न्यायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पैरणीच्या आतल्या खिशात, होडीनं. पहिल्याच फेरीला घोटाळा झाला. पलीकडच्या कॉम्प्युटरवर आमचा मराठी फॉन्ट नव्हता. फाईल उघडली तर सगळे चौकोन आणि वेड्यावाकड्या खुणा. रामभाऊआप्पा, तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय का? "राहूकरांनी करणी पाठवलीया!" माणसं काठ्या शोधायला लागली होती म्हणे. आबा त्याच होडीनं परत. दुकानाच्या दारातूनच ओरडले, "दत्ता, आरं तुझी अक्षरं नदीत बुडाली का काय?"

मी म्हणालो, आबा, फॉन्टपण द्यावा लागतो, विसरलो.

"बोलणी करायला धाडलंस आन् जीभ घरीच ठिवलीस व्हय?"

हसा, मंडळी. आबांच्या नावानं हसलं तर पाप नाही.

त्यांचा नियम एकच होता. फ्लॉपी एकच. ज्याच्या हातात फ्लॉपी, त्यानंच फाईलला हात लावायचा. कॉम्प्युटरवर दुसरी प्रत ठेवायची नाही. मी म्हणायचो, आबा, प्रत ठेवलेली बरी, फ्लॉपी खराब होते. ते म्हणायचे, "दोन कुत्री दोन बाजूंनी हाकाय लागली, की मेंढरं मधीच हुभी ऱ्हात्यात." मी ऐकलं. पण रोज रात्री भीती वाटायची, फ्लॉपी उघडली नाही तर?

आणि बैठकीतली त्यांची पद्धत. तुम्ही सगळे बसलेले आहात त्या बैठकांना. मी एक कलम वाचायचं. मग आबा तंबाखू काढायचे, चुना लावायचे आणि मळायला लागायचे. ती मळून होईपर्यंत सगळ्यांनी गप. कुणी चुळबुळ केली की आबा त्याच्याकडं बघायचे. "ज्याला गप बसवंना, त्याचं अजून मिटलं न्हाई. बोल बाबा." मग तो बोलायचा, भांडायचा, पुन्हा लाल, पुन्हा निळं. आणि कुणीच हललं नाही, की आबा चिमूट तोंडात टाकायचे आणि मला म्हणायचे, "कर काळं." मी बटण दाबायचो. लाल-निळं जाऊन ओळ काळी व्हायची. मिटली.

आबांना वाचता कमी यायचं, पण पान लांबून ओळखायचे. "आज रंग कमी झाला रं. म्हंजी माणसं दमली." असं एकेक कलम काळं होत गेलं. नंतर नंतर मीच म्हणायला लागलो, आबा, तुम्ही दमता, मी नेतो फ्लॉपी. तर आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "लेका, एक स्वल्पविराम बदलाय नदी वलांडतूस व्हय? कलमाकडं बघ, कलमाकडं."

असो. बायकांच्या बाजूला कुणी बघू नका. कृपा करा.

राहिलं ते कलम सात. पाणी आटलं की आधी कुणाच्या मोटारी बंद? आमचं लाल म्हणतं, आधी पलीकडच्या. त्यांचं निळं म्हणतं, आधी अलीकडच्या. किती बैठका झाल्या! पान नुसतं रंगून गेलं. शेवटी आबा पलीकडं गेले आणि मंगलला म्हणाले, पोरी, आता माझं नाव घालून लिही. तिनं कॉम्प्युटरवर नाव बदललं, आबांचं टाकलं, आणि त्यांनी सांगितलेली ओळ लिहिली. ती लाल आली नाही, निळी आली नाही. हिरवी आली. फ्लॉपी परत आली आणि मी फाईल उघडली, तेव्हा मी ती ओळ तीनदा वाचली.

त्या हिरव्या ओळीवर बैठक व्हायची होती. तंबाखू मळायची होती. आदल्या दिवशी दुपारी आबा जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आता ऐका. विष्णूमामा, तुम्ही आमच्या काठाचे पुढारी. मला खाली बस म्हणून खुणा करू नका. बसतो. सांगून बसतो. परवा तुम्ही दुकानात आलात आणि म्हणालात, "दत्ता, आबा गेलं. आता हिरवं काढ, निळं काढ, आपलं लाल ठिव, समदं काळं कर आन् छापून दे." म्हणालात का नाही? आणि त्याच संध्याकाळी दुकानाच्या फोनवर मंगलचा फोन आला. कामाचा होता. हसू नका, कामाचाच होता. रडत होती. रामभाऊआप्पांनी तिला सांगितलं, फ्लॉपी कशाला पायजे, आपलं निळं ठेवून नवी फाईल बनव.

म्हणजे काय झालं? एका बंधाऱ्याच्या दोन नियमावल्या. दोन्हींवर सह्या. दोन्ही काळ्याभोर, कुणी काय खोडलं ते कुणाला दिसणार नाही. मार्चमध्ये पाणी खाली गेलं की दोन्ही काठ आपापला कागद घेऊन ह्याच घाटावर उभे राहणार. आणि हातात नुसता कागद असणार आहे का? तुम्हीच सांगा!

माझं डोकं तापतं, लोक म्हणतात. तापतं. पण आज मी तापलेलो नाही. घाबरलोय. मला झोप लागत नाही. डोळे मिटले की ते पान दिसतं.

बैठकीला न्यायची म्हणून आबांनी फ्लॉपी परत पैरणीत घालून ठेवली होती, त्यांच्या सूनबाईंनी ती कालच मला आणून दिली. ही बघा. दुसरी प्रत नाही. मी केली नाही, तिनंही केली नाही. ही मी आबांच्या फोटोपुढं ठेवतोय. विष्णूमामा, रामभाऊआप्पा, तुम्ही दोघं इथंच, शेजारी बसलेले आहात. दोन्ही काठ समोर आहेत. ह्याहून भरलेली बैठक आबांना कधी मिळाली नव्हती.

मी ती ओळ वाचणार आहे. मग आपण आबांसाठी स्तब्ध उभं राहू. पण आबांच्या पद्धतीनं. ज्याला गप राहवणार नाही, त्यानं खुशाल बोलावं, मी ते टाईप करीन, लाल असो नाहीतर निळं. आणि कुणीच बोललं नाही, तर इथून दुकानात जाऊन मी ओळ काळी करणार. मग फ्लॉपी पुढच्या होडीनं पलीकडं. नेणार कोण, ते रामभाऊआप्पांनी ठरवावं. मी हट्ट धरणार नाही.

कलम सात. "ह्या घाटाच्या शेवटच्या पायरीखाली पाणी गेलं, की दोन्ही काठांच्या मोटारी एकाच सकाळी बंद होतील. आधी कोण, हे कुणी विचारायचं नाही. प्यायला आणि जनावरांना पाणी न्यायला कुणालाही कुठल्याही काठावर अडवायचं नाही."

वाचून झालं. उभे राहा, मंडळी.

आबा, नमस्कार करतो. तंबाखू मळायला घ्या.